गप्प सदस्य, वेगवेगळे देश: आंतरराष्ट्रीय ऑनलाइन समूहात सगळ्यांचा सहभाग कसा वाढवावा

समजा तुम्ही एक स्वयंसेवी ऑनलाइन समूह सांभाळता. एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरचं भाषांतर असेल, विकिपीडियावरचा प्रकल्प असेल किंवा ओपनस्ट्रीटमॅपवर गावांचे नकाशे काढण्याचं काम असेल. सदस्य पुणे, नागपूर, ओसाका, सोल, बर्लिन असे विखुरलेले. थोड्याच दिवसांत एक चित्र ठरून जातं. जर्मन मंडळी मुद्देसूद, लांब लिहितात आणि एकमेकांच्या चुका उघडपणे दाखवतात. जपानी सदस्य चर्चेकडे फिरकत नाहीत. कोरियातला सदस्य विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर देतो, पण स्वतःहून विषय काढत नाही. आणि आपले मराठी सदस्य समूहात गप्प राहून तुम्हाला खाजगीत मेसेज करतात, "सर, एक विचारू का?"

यावरून समूह चालवणारे बहुतेक लोक ठरवून टाकतात की अमुक देशाच्या लोकांना रस नाही. मला हा निष्कर्ष अन्यायाचा वाटतो, आणि बऱ्याचदा तो चुकीचाही असतो. आपण काय विचारलं, कुठे विचारलं, कोणासमोर विचारलं आणि चुकल्यावर काय होईल असं समोरच्याला वाटलं, यावर माणूस बोलणार की नाही हे ठरतं. संस्कृती काम करते ती इथे. देशाची सवय तुम्हाला बदलता येणार नाही. समूहाचे नियम, प्रश्न विचारण्याची रीत आणि निर्णयाची पद्धत मात्र आजपासून बदलता येते. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. क्रम शक्यतो मोडू नका, कारण पहिल्या दोन पायऱ्या टाळून केलेले उपाय भलत्याच जागी लागतात.

पायरी १: संस्कृतीकडे जाण्याआधी कायदा, कळफलक आणि घड्याळ तपासा

दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. २००७ पासून तिथे मोठ्या संकेतस्थळांवर काही लिहिण्याआधी खरी ओळख पटवणं कायद्याने सक्तीचं झालं. बाहेरून पाहणारा म्हणेल, कोरियन लोकांना खऱ्या नावानेच बोलायला आवडतं. पण तो कायद्याचा परिणाम होता. २०११ मध्ये नेट (Nate) आणि सायवर्ल्ड या कोरियन सेवांच्या सुमारे साडेतीन कोटी सदस्यांची माहिती चोरीला गेली, तेव्हा एवढी खाजगी माहिती गोळा करून ठेवण्यातला धोका सगळ्यांना दिसला. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही सक्ती रद्द केली. त्या काळात कोरियन सदस्य जपून लिहीत असतील, तर त्यामागे स्वभावाआधी हा नियम होता.

आपल्याकडे कायद्यापेक्षा कळफलक आडवा येतो. कितीतरी मराठी माणसं मनातलं मराठीत उत्तम मांडतात, पण देवनागरी टंकायला वेळ लागतो आणि इंग्रजीत लिहायचं तर व्याकरणाची धास्ती. मग ती अंगठा दाखवून मोकळी होतात. विकिपीडियाच्या संपादनपेटीत अक्षरांतराची सोय आहे (रोमन अक्षरं टंकली की देवनागरी उमटतं), आणि मोबाइलवर बोलून टंकता येतं. या दोन गोष्टी नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी शिकवल्या तर त्याच्या 'गप्पपणा'चा मोठा भाग तिथेच संपतो.

घड्याळाचं म्हणाल तर, आपल्याकडे रात्री नऊ वाजता ठेवलेली बैठक टोकियो आणि सोलमध्ये मध्यरात्रीनंतर साडेबारा वाजता भरते. दुपारी दीड वाजता ठेवा: तिकडे संध्याकाळचे पाच, बर्लिनमध्ये ऋतूनुसार सकाळचे नऊ किंवा दहा. अर्थात ती वेळ आपल्या नोकरदारांना अडचणीची आहे, म्हणून वेळ आलटून पालटून ठेवावी. त्रास एकाच देशाच्या वाट्याला कायम येऊ नये.

एवढं तपासल्यावरच संस्कृतीच्या आकड्यांकडे वळा. डच समाजमानसशास्त्रज्ञ खेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीत १९६७ ते १९७३ या काळात झालेल्या कर्मचारी-पाहण्यांवरून देशांना गुण दिले. वरिष्ठ-कनिष्ठ अंतर किती मान्य आहे, या कसोटीवर भारत ७७ आणि जर्मनी ३५. अनिश्चितता किती नकोशी वाटते, यात जपान ९२ आणि भारत ४०. हे आकडे कुठे पाहावं ते सुचवतात, तेवढाच त्यांचा उपयोग. एका कंपनीतल्या, पन्नास वर्षांपूर्वीच्या नोकरदारांवरून सगळ्या भारताला एकच आकडा मिळाला आहे. गडचिरोलीतली शिक्षिका आणि हिंजवडीतला अभियंता त्या एकाच ७७ मध्ये बसवले जातात. हा तक्ता समोर ठेवून एखाद्या सदस्याबद्दल मत बनवू नका.

पायरी २: महिनाभर नोंद ठेवा, पण फक्त पोस्टची नव्हे

२००६ मध्ये संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी एक ठोकताळा मांडला: ऑनलाइन समूहात शंभरातले नव्वद जण फक्त वाचतात, नऊ जण अधूनमधून काही करतात आणि बहुतांश मजकूर एकटा एक जण लिहितो. म्हणजे वाचनमात्र सदस्य प्रत्येक देशात बहुसंख्य असतात. मायबोली या मराठी संस्थळावर त्यांना 'रोमात असलेले' (रीड-ओन्ली मोडमध्ये, म्हणजे वाचनमात्र) म्हणतात. तेव्हा "जपानी लोक फक्त वाचतात" असं म्हणण्याआधी तुमच्या समूहातले बाकीचे किती वाचतात ते मोजा.

जपानमध्ये वाचण्याला शिष्टाचाराचं वजनही आहे. १९९९ मध्ये हिरोयुकी निशिमुरा यांनी सुरू केलेल्या २चॅनल या प्रचंड चर्चास्थळावर घाई करणाऱ्या नवख्याला जुने लोक सांगत: आधी सहा महिने नुसतं वाच. तिथे गप्प बसणारा माणूस अजून घराची रीत शिकत असतो. आपण त्याला निष्क्रिय म्हणून यादीतून काढून टाकतो, आणि तो बोलायच्या बेतात असतानाच दार बंद होतं.

नोंद साधी ठेवा. एका तक्त्यात प्रत्येक सदस्यासमोर चार रकाने करा: उघड लेखन, छोट्या कृती (आभाराचं बटण, प्रतिक्रिया, शुद्धलेखनाची दुरुस्ती), खाजगी मेसेज, आणि प्रत्यक्ष पूर्ण केलेलं काम. विकिपीडियावर २०१३ पासून एखाद्या संपादनाबद्दल आभार मानायचं बटण आहे. ते वापरणारे लोक तुमच्या चर्चापानांवर कधीच दिसणार नाहीत, पण ते समूहात आहेत. महिन्याअखेरीला तिसरा रकाना सगळ्यात बारकाईने पाहा. ज्या सदस्यांचे खाजगी मेसेज भरपूर आणि उघड लेखन शून्य, त्यांना रस आहे, प्रश्न आहेत, धाडसही आहे. अडचण आहे ती तुमच्या सभागृहाची.

इथे एक सावधगिरी. 'कोणी वाचलं' हे सगळ्यांना दिसेल अशी सोय चालू असेल तर शक्य तिथे बंद करा. जपानच्या मिक्सी या २००४ साली सुरू झालेल्या सेवेत तुमच्या पानावर कोण येऊन गेलं ते पाऊलखुणांसारखं दिसायचं. पुढे लाइन या मेसेजसेवेत वाचल्याची खूण आली, आणि वाचूनही उत्तर न देणं हा एक सामाजिक अपराध होऊन बसला. आपल्याकडच्या निळ्या टिकांनीही तेच केलं. वाचणाऱ्यावर उत्तराचं ओझं पडलं की तो वाचायलाही येईनासा होतो.

पायरी ३: नावाच्या बाबतीत सक्ती करू नका

खऱ्या नावाने लिहायला लावलं की चर्चा सभ्य होते, असं पुष्कळांना वाटतं. देशोदेशीचा अनुभव इतका सरळ नाही.

२चॅनलवर नाव न लिहिणाऱ्याला आपोआप एक सामाईक 'अनामिक' नाव मिळायचं, आणि जवळजवळ सगळे तेच वापरत. जपानी विकिपीडियावरही मोठ्या विकिपीडियांच्या तुलनेत खातं न उघडता संपादन करणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय राहिलं आहे. ज्या समाजात प्रत्यक्ष आयुष्यात कोणाशी किती आदराने बोलायचं हे पद, वय आणि संस्था ठरवतात, तिथे नाव बाजूला ठेवणं म्हणजे त्या उतरंडीतून थोडी सुटका. जर्मनीत उलट दिसतं. तिथल्या विकिपीडियाकारांनी २००३ मध्येच म्युनिकमध्ये प्रत्यक्ष भेट घेतली, आणि ठरलेल्या ठिकाणी टेबलाभोवती नियमित जमण्याची रीत तिथे शहरोशहरी रुजली. माणूस भेटला की त्याच्यावर विश्वास टाकायचा. आणि ओळख नसेल तर तपासणी: २००८ पासून जर्मन विकिपीडियावर नवख्याचा बदल अनुभवी सदस्याने पाहिल्याखेरीज सर्वसाधारण वाचकाला दिसत नाही. पोर्तुगीज विकिपीडियाने तर २०२० मध्ये खात्याशिवाय संपादन करणंच बंद केलं. तिन्ही ठिकाणी ज्ञानकोश एकच, सॉफ्टवेअर एकच. अनोळखी माणसाशी कसं वागायचं याची उत्तरं मात्र तीन.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात आडनाव हे नुसतं नाव नसतं. त्यावरून जातीचा, गावाचा, कधी धर्माचा अंदाज बांधला जातो, आणि तो बांधला गेला की मुद्द्याकडे कोणी पाहत नाही. आरक्षण, आहार, इतिहास यांपैकी कोणत्याही विषयावर खऱ्या आडनावाने लिहिणाऱ्याला पहिला प्रतिसाद त्याच्या आडनावाला येतो. बाईच्या नावाने लिहिणाऱ्यांच्या खाजगी पेटीत काय येऊन पडतं हे त्यांनाच विचारा. मराठी संस्थळांवर लोक इतक्या आवडीने टोपणनावाचा आयडी घेतात त्यामागे हौस आहेच, पण मोकळं बोलता यावं ही गरजही आहे. आयडीमागची बाई, दलित मुलगा, सरकारी नोकर बोलायला लागतात ते या आडोशामुळे. तो आडोसा काढून घेणारा नियम करू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

करायचं काय? नावाच्या तीन पातळ्या ठेवा. प्रश्न विचारायला आणि दुरुस्ती सुचवायला नाव नको. नियमित काम करायला एक कायम टोपणनाव पुरे. त्यामुळे माणसाची ओळख त्याच्या कामातून बनते. पैसे, पासवर्ड किंवा लहान मुलांशी संबंधित जबाबदारी असेल तर मात्र खरी ओळख, आणि तीही फक्त दोन-तीन विश्वस्तांपुरती. कोणती पातळी कशासाठी, हे समूहाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पायरी ४: 'धीट व्हा' सांगण्याऐवजी काम सोपवा

इंग्रजी विकिपीडियाचा नवख्यांना जुना सल्ला आहे: धीट व्हा, बदल करून टाका, चुकलं तर दुसरा कोणी सुधारेल. हा सल्ला ज्यांच्यासाठी लिहिला गेला त्यांना तो मोकळं करतो. ज्या माणसाला घरात, शाळेत, कचेरीत 'विचारल्याशिवाय हात लावू नकोस' असं शिकवलं गेलं, त्याला तो परवानगी वाटत नाही. कोणाच्या तरी लेखात आपण बदल करायचा? त्यांना काय वाटेल? तो थांबतो. त्याला धीटपणाचा उपदेश नको असतो, कोणीतरी नाव घेऊन सांगायला हवं असतं: हे तुझ्याकडे.

आपल्याच परंपरेत याचं उत्तर आहे. गणेशोत्सव मंडळात कोणी भाषण ठोकत नाही की 'सहभाग वाढवा'. एकाकडे मांडव, एकाकडे वर्गणीची पावतीपुस्तकं, एकाकडे प्रसाद. मायबोली हे संस्थळ १९९६ पासून चालू आहे, आणि तिथे दरवर्षी ऑनलाइन गणेशोत्सव होतो. सदस्यांतूनच संयोजक पुढे येतात, उपक्रम जाहीर होतात, पाककृतीची स्पर्धा असते, लहान मुलांची चित्रं असतात. एरवी वाचनमात्र असलेली माणसं त्या दिवसांत लिहिती होतात, कारण त्यांना नेमकं काम, नेमकी मुदत आणि नेमका प्रेक्षक मिळतो.

विकिमीडिया फाउंडेशनच्या एका गटाने २०१८ पासून नव्या सदस्यांसाठी सोयी बनवायला घेतल्या, तेव्हा इंग्रजीऐवजी चेक आणि कोरियन या मध्यम आकाराच्या विकिपीडियांपासून सुरुवात केली. त्यातून आलेल्या नवख्यांच्या पानावर दोन गोष्टी समोर दिसतात: करता येतील अशी छोटी कामं, आणि तुम्हाला नेमून दिलेला मार्गदर्शक. प्रश्न कोणाला विचारायचा हा प्रश्नच उरत नाही. कोरियाच्या नेव्हर या कंपनीने २००२ मध्ये सुरू केलेल्या प्रश्नोत्तर सेवेतही उत्तर देणाऱ्याला गुण मिळतात आणि त्याचा दर्जा चढत जातो. पायऱ्यांची सवय असलेल्या समाजात चढायला पायरी दिली की लोक चढतात.

तुम्ही हे असं करा. खाजगीत शंका विचारणाऱ्या मराठी सदस्याला उत्तर द्या, आणि खाली लिहा:

"ताई, तुम्ही विचारलेली शंका बाकीच्यांनाही पडली असणार. उद्या ती समूहात मांडाल का? मी लगेच खाली उत्तर लिहीन. तुमचं नाव नको असेल तर तुमच्या वतीने मीच मांडतो."

या चार वाक्यांत शंका विचारणं योग्य होतं हे मान्य केलं आहे, समूहात एकटं पडणार नाही याची हमी आहे आणि माघारीची वाटही आहे. 'समूहातच विचारा' असा कोरडा नियम दाखवून मेसेज परत पाठवू नका. तो माणूस परत कधीच विचारणार नाही.

'सर' म्हणणाऱ्याला "मला सर म्हणू नका" असं पुन्हा पुन्हा सांगून अवघडवू नका. जिभेची सवय आहे, जाईल तेव्हा जाईल. बदलायची ती बोलण्याची रांग. कोणताही विषय काढलात की तुमचं मत सगळ्यांत शेवटी लिहा, आणि समूहातल्या ज्येष्ठांनाही तेच सांगा. प्राध्यापकांनी आधी मत दिलं की खालच्या दहा जणांना 'सहमत' एवढंच लिहिता येतं. नवे सदस्य आधी, जुने नंतर, संचालक अखेरीस, हा एवढा एक बदल केला तरी चर्चेचा रंग पालटतो. जर्मन सदस्यांना तो अनावश्यक वाटेल. त्यांना कारण सांगा. कारण पटलं की ते नियम काटेकोरपणे पाळतात.

पायरी ५: टीका आणि नकार यांची दोन्हीकडून उकल करून द्या

सगळ्यात जास्त माणसं समूह सोडतात ती इथे. बर्लिनचा सदस्य लिहितो, "हा परिच्छेद चुकीचा आहे, काढून टाकावा." त्याच्या दृष्टीने हे परिच्छेदाबद्दल आहे, आणि वेळ काढून वाचलं हाच आदर आहे. नाशिकचा सदस्य वाचतो: सगळ्यांसमोर माझी लाज काढली. दुसऱ्या दिवसापासून तो दिसत नाही.

उलट दिशेने पाहा. नाशिकच्या सदस्याने एका कामाला "हो, बघतो" म्हटलं होतं. मराठी माणसाला कळतं की यात होकार पक्का नाही. कदाचित सौम्य नकारच आहे. जर्मन सदस्याने ते वेळापत्रकात लिहून घेतलं, आणि पंधरा दिवसांनी त्याला वाटलं की हा माणूस शब्द पाळत नाही. दोघेही प्रामाणिक. दोघांनाही दुखावल्यासारखं वाटतं.

परखडपणा सगळीकडे निभावून जातो असंही नाही. लिनक्स कर्नेल या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या चर्चेतली तिखट भाषा वर्षानुवर्षं गाजली. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सचे खुद्द निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ रजा घेतली, आणि प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. त्याच वर्षी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तर-स्थळानेही जाहीरपणे कबूल केलं की नवख्यांना, विशेषतः स्त्रिया आणि वर्णाने अल्पसंख्य असलेल्यांना, आपली जागा स्वागतशील वाटत नाही. तिथे प्रश्नातली नमस्कार-चमत्कार, आभार ही वाक्यं अनावश्यक मानून काढली जातात. मजकूर स्वच्छ राहतो हे खरं. पण 'नमस्कार' लिहिल्याशिवाय ज्याला प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं, त्याचं पहिलंच वाक्य पुसलं जातं.

जपानच्या कुकपॅड या पाककृतींच्या संकेतस्थळाने वेगळी वाट काढली. कोणाच्या पाककृतीवर ताशेरे मारण्यापेक्षा ती करून पाहायची, फोटो काढायचा आणि दोन ओळींत कळवायचं: 'केली, आवडली, अमुक बदल केला.' पाककृती लिहिणाऱ्याला उत्तेजन मिळतं, पुढच्याला सुधारणा कळते, कोणाचा पाणउतारा होत नाही. तुमच्या समूहात अशी एखादी 'करून पाहिलं' जागा ठेवा. भाषांतर असेल तर 'हा शब्द मी आईला वाचून दाखवला, तिला कळला' हेही योगदान धरा.

टीकेसाठी चार ओळींचा साचा सगळ्यांना, सगळ्या देशांना, सारखाच लागू करा:

पहिली ओळ, काय चांगलं जमलं आहे ते नेमकं. दुसरी, अडचण कुठे आहे: पान, ओळ, शब्द. तिसरी, तुम्ही काय सुचवता. चौथी, ही दुरुस्ती झाल्याशिवाय काम अडणार आहे, की ही फक्त सूचना आहे.

चौथी ओळ सगळ्यांत महत्त्वाची. मराठी आणि जपानी सदस्य प्रत्येक सूचनेला आज्ञा समजतात. जर्मन सदस्याला अनेकदा ती नुसती चर्चा अपेक्षित असते. नकारासाठीही असंच सोपं करा. प्रत्येक कामापुढे तीन पर्याय ठेवा: घेतो, अमुक तारखेनंतर घेतो, या वेळी जमणार नाही. तिसऱ्या पर्यायाला कारण विचारायचं नाही, हे लिहून ठेवा. नाही म्हणायला प्रतिष्ठेची वाट दिली की 'बघतो' आपोआप कमी होतं.

पायरी ६: मौनाला संमती समजणारे नियम तपासा

मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांत एक प्रथा आहे. प्रस्ताव मांडायचा, साधारण ७२ तास थांबायचं, आणि कोणी आक्षेप घेतला नाही तर सहमती धरून पुढे जायचं. बरोबरीच्या, बोलक्या, एका भाषेतल्या लोकांत ही रीत झकास चालते. 'मौनं संमतिलक्षणम्' आपणही म्हणतो. पण घरातल्या धाकट्या सुनेच्या मौनाला आपण खरोखर संमती मानतो का? तिच्याकडे आक्षेप घ्यायची जागाच नसते. बहुदेशीय समूहात ७२ तासांच्या मौनात काय काय असतं: कोणी इंग्रजी वाचून समजून घेत आहे, कोणाला ज्येष्ठाविरुद्ध उघड लिहायचं नाही, कोणी ओबोन या जपानी सणाच्या सुट्टीत गावी गेला आहे, कोणाकडे दिवाळी आहे.

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफच्या बैठकांत मतदान होत नाही. तिथली जुनी रीत अशी: अध्यक्ष विचारतात आणि खोलीतले लोक गुणगुणतात. आवाज कुठे जास्त आला ते पाहतात. कोण गुणगुणलं हे शेजाऱ्याखेरीज कोणाला कळत नाही. हात वर करण्यापेक्षा हे किती सुटसुटीत! बड्या कंपनीचा माणूस आणि विद्यार्थी यांचा आवाज त्यात सारखा मिसळतो. ऑनलाइन हे करायचं तर निनावी मतचाचणी हवी. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, म्हणून अवघड विषयासाठी तो वापरू नका. टेलिग्रामवर निनावी मतचाचणीची सोय आहे, साधा ऑनलाइन फॉर्मही चालतो.

महत्त्वाच्या निर्णयासाठी मी ही रीत सुचवतो. आधी मसुदा तीन-चार सदस्यांच्या खाजगीत कानावर घाला, शक्यतो प्रत्येक भाषेतल्या एकाच्या. जपानी कार्यालयांत ही तयारी बैठकीआधी रीतसर केली जाते, आणि आपल्याकडे गावच्या सभेआधी जाणती माणसं हेच करतात. कोणाला चोरून ठरवल्यासारखं वाटू नये म्हणून मसुद्याखाली लिहा: 'यांच्याशी आधी बोललो, त्यांनी हे बदल सुचवले.' जर्मन सदस्यांना हा उल्लेख फार महत्त्वाचा असतो. मग मसुदा उघडपणे मांडा, मुदत सात दिवसांची ठेवा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी निनावी चाचणी घ्या आणि शेवटी निर्णय कारणांसह लिहून ठेवा. निनावी चाचणीत विरोध आला पण उघड चर्चेत कोणीच काही लिहिलं नाही, तर निर्णय पुढे ढकला. ते अंतर तुमच्या समूहातल्या भीतीचं माप आहे.

पायरी ७: भाषेची स्वतंत्र खोली आणि ये-जा करणारी माणसं

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तिथल्या सार्वजनिक चर्चेच्या पानाचं नाव चावडी, आणि सरावाच्या पानाचं धूळपाटी. धूळपाटीवर लिहिलेलं पुसलं जाणारच असतं. तिथे चुकायला कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्या समूहातही प्रत्येक भाषेला अशी एक चावडी आणि एक धूळपाटी द्या. माणूस आधी आपल्या भाषेत भांडायला शिकतो, मग दुसऱ्याच्या.

या खोल्या एकमेकींपासून तुटू नयेत म्हणून प्रत्येकीतून एक जण निवडा. त्याने आठवड्यातून एकदा तिकडच्या चर्चेचा दहा ओळींचा सारांश मुख्य समूहात आणायचा आणि इथला तिकडे न्यायचा. हे काम कष्टाचं आहे आणि दिसत नाही, म्हणून योगदानाच्या यादीत त्याचं नाव भाषांतरकारांइतकंच वर लिहा. आणि ही जबाबदारी ठरावीक महिन्यांनी बदला. एकच माणूस कायम मध्ये राहिला तर तो हळूहळू मुखत्यार होतो; त्याला न पटलेलं पलीकडे पोहोचत नाही.

पायरी ८: तीन महिन्यांनी तक्ता पुन्हा भरा, आणि माणसाला विचारा

पायरी २ चा तक्ता तसाच पुन्हा भरा. देशांची बेरीज करू नका, एकेका सदस्याची ओळ पाहा. म्युनिकमध्ये दहा वर्षं नोकरी केलेला सोलापूरचा मुलगा टीका करताना जर्मनांसारखा लिहील आणि आईवडिलांच्या वयाच्या सदस्याशी बोलताना 'अहो काका' म्हणेल. त्याला कोणत्या रकान्यात घालणार? टोकियोतली एखादी तरुणी सगळ्यांत परखड निघेल. अशी माणसं प्रत्येक समूहात असतात.

जे अजूनही गप्प आहेत त्यांना प्रत्येकी एक खाजगी मेसेज करा, त्यांच्या भाषेत, शक्य असेल तर त्यांच्याच खोलीतल्या माणसाकडून. "तुम्ही का लिहीत नाही" असं विचारू नका. त्यात आरोप ऐकू येतो. दोन प्रश्न विचारा: इथलं काय वाचायला आवडतं? आणि इथे एखादी गोष्ट करावीशी वाटली पण केली नाही, असं कधी झालं का? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून पुढच्या तीन महिन्यांची कामं निघतात.

काही जण उत्तर देतील की आम्हाला वाचायलाच आवडतं. त्यांचं खातं चालू ठेवा, दर आठवड्याचा सारांश त्यांनाही पाठवत राहा आणि निष्क्रिय सदस्य काढून टाकण्याचा नियम तुमच्या समूहात असेल तर तो रद्द करा.